डाव्या कोपराला जागा

लातुरातल्या कुठल्याही शिकवणीच्या वर्गात मागच्या दारानं शिरावं आणि पोरांच्या नुसत्या पाठी बघाव्यात. चेहरे बघायची गरज नाही, हात बघायची तर नाहीच. बाकीच्या पाठी एका चालीत पुढं वाकलेल्या असतात. त्यांत मधेच एक पाठ अशी दिसते की कंबर फळ्याकडं, छाती खिडकीकडं आणि मान तिसरीकडंच. डावा खांदा कानाला टेकायच्या बेतात, उजवा हात बिनकामाचा आणि डावं कोपर अधांतरी. तो आमचा माणूस. डावखुरा.

जगात दर दहा माणसांमागं साधारण एक जण डावखुरा असतो. नांदेड-लातूर या जगातच आहेत असं धरलं, तर दोनशेच्या बॅचमध्ये अशा वीसेक पाठी निघायला पाहिजेत. तेवढ्या निघत नाहीत, कारण बऱ्याच जणांचा हात घरच्यांनी शाळेत घालायच्या आधीच बदलून घेतलेला असतो. ज्यांचा हात बदलत नाही, त्यांची पाठ बदलते. मी स्वतः डावखुरा आणि पेशानं भौतिकशास्त्राचा मास्तर, त्यामुळं या विषयाचा माझा अभ्यास बाकावर बसूनही झालाय आणि बाकांमधून फिरूनही. त्यातून माझं मत असं झालंय की डावखुऱ्याच्या अंगात वाकडेपणा नसतोच. हात ठीक असतो, कणा ठीक असतो, डोकंही बऱ्यापैकी ठीक असतं. सगळी भानगड कोपराची आहे. या माणसाचं डावं कोपर ठेवायचं कुठं, याचा विचार ना बाक करणाऱ्या सुतारानं केला, ना वही शिवणाऱ्यानं, ना लिपी घडवणाऱ्यानं.

लिपीचंच बघा. आपण डावीकडून उजवीकडं लिहितो. उजव्या हाताचा माणूस लिहितो तेव्हा हात पुढं पुढं सरकतो आणि लिहिलेलं मागं उघडं राहतं. डावखुऱ्याचा हात लिहिलेल्याच्या मागून येतो, म्हणजे ओल्या अक्षरांवरूनच येतो. आमच्या वेळी शाईचे पेन होते. शाळा सुटेपर्यंत दिवसभराचा अभ्यास माझ्या करंगळीच्या कडेवर उमटलेला असायचा आणि वहीत त्यातला उरलासुरला. पुढं बॉलपेन आले आणि जरा बरे दिवस दिसले. मग जेलपेन आले आणि पुन्हा होतं तिथं आलो.

यावर डावखुऱ्यांनी आपापले तोडगे काढलेत, आणि त्यावरून आमच्यात दोन घराणी पडलीत. एक वरून लिहिणाऱ्यांचं. हे लोक मनगट आत वळवून हात ओळीच्या वर नेतात आणि अक्षर वरून उतरवतात. बराक ओबामांना सही करताना टीव्हीवर पाहिलं असेल, ते या घराण्यातले. दुसरं घराणं खालून लिहिणाऱ्यांचं. ते हात ओळीच्या खाली ठेवतात आणि त्यासाठी कागदच फिरवून घेतात, वरची कड उजवीकडं कलती. यात मनगट सरळ राहतं, शाई पुसली जात नाही आणि खांद्यालाही आराम. पण आपल्या शाळांमध्ये वही तिरपी ठेवणं हा गुन्हा आहे. गुरुजी जाता जाता वही सरळ करून जातात. वही सरळ झाली की मनगट वाकतं. मनगट सरळ केलं तर कोपर वर जातं, कोपर खाली घेतलं तर खांदा पुढं येतो आणि खांदा मागं घेतला तर मान कलते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मी पोरांना बरीच वर्षं शिकवत आलोय. वाकण्यालाही तोच नियम लागू आहे. ते नष्ट होत नाही, एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात जातं.

१९७६ साली अमेरिकेत जेरे लेव्ही आणि मेरिलू रीड या दोघी संशोधकांनी असं मांडलं होतं की मनगट वरून वळतं की खालून, यावरून त्या माणसाची भाषा मेंदूच्या कुठल्या अर्ध्यात नांदते हे सांगता येईल. पुढं इतरांनी तपासून पाहिलं तेव्हा ते म्हणणं तितकंसं टिकलं नाही. आमच्या गुरुजींचा सिद्धांत त्याहून आटोपशीर होता. “मस्ती आली मस्ती,” असं ते म्हणायचे. तो सिद्धांत अजून कुणी खोडून काढलेला नाही.

देवनागरीची आणखी एक गंमत म्हणजे शिरोरेघ. शब्द लिहून झाला की वर रेघ मारायची. सगळं जग ती डावीकडून उजवीकडं मारतं. डाव्या हाताला आडवी रेघ ओढायची म्हणजे आपल्या अंगाच्या बाहेर, उजवीकडून डावीकडं, तशीच सोपी जाते. पण तशी ओढली की ती शब्दाच्या सुरुवातीला थांबत नाही, भरात आधीच्या शब्दाला जाऊन भिडते. मी “मामा काल आले” असं लिहिलं होतं. ते झालं “मामाकाल आले”. गुरुजींनी सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं आणि विचारलं, “हे कुठलं देवस्थान म्हणायचं?”

आता लिपीचा दोष म्हणाल तर तो दिशेचा आहे, आणि दिशेच्या बाबतीत मराठवाड्यातल्या डावखुऱ्याला एकदा बरे दिवस येऊन गेले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा. वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत, आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं ते तर पदवीपर्यंत उर्दूत शिकवायचं म्हणूनच. उर्दू चालते उजवीकडून डावीकडं. म्हणजे नांदेडच्या एखाद्या कचेरीतला डावखुरा कारकून, हात पुढं आणि अक्षर मागं अशा थाटात, ताठ कण्यानं लिहू शकत होता आणि त्याचे उजवे भाऊबंद बाही सांभाळत बसले असते. हिशेब असा सांगतो. प्रत्यक्षात बोरूचं टोक उजव्या हाताच्या तिरप्यानं तासलेलं असायचं, आणि समोर मौलवीसाहेब असोत की पंतोजी, डाव्या हाताबद्दल दोघांचं एकमत होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान खालसा झालं. त्या दिवसाच्या झेंडावंदनाला मी दरवर्षी सगळ्यांसोबत ताठ उभा राहतो, गाणं म्हणतो, पेढा खातो. पण एक बारीकसा विचार येऊन जातोच, की मुलूख सुटला तो दिवस आमच्या करंगळ्यांना मात्र महागात गेला.

लिपीनंतर बाक. चार पोरांच्या बाकावर डावखुरा कुठं बसला हे फार महत्त्वाचं असतं. उजव्याच्या उजव्या हाताला डावखुरा बसला की एकाचं उजवं कोपर आणि दुसऱ्याचं डावं कोपर एकाच वीतभर जागेवर हक्क सांगतात. शेताच्या बांधावरून आपल्याकडं जितकी भांडणं होत नसतील तितकी त्या वीतभर जागेवरून होतात. “सर, हा ढकलायलाय!” ही तक्रार दर तासाला येते, आणि ढकलणारा कोण हे विचारायची गरज पडत नाही. म्हणून जाणता डावखुरा बाकाचं डावं टोक धरतो. ते टोक भिंतीला असलं तर वर्षभर त्याच्या शर्टाच्या डाव्या बाहीला चुना. मधल्या वाटेला असलं तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या दप्तराचा धक्का, आणि त्या धक्क्यानं ‘ड’चा ‘ङ’. माझ्या आईनं वर्षानुवर्षं माझी डावी बाही घासली. पोरगं शाळेत जातं की चुना द्यायला जातं, असं ती शेजारणीला विचारायची.

अकरावी-बारावीत प्रॅक्टिकलचं जर्नल येतं. त्याच्या उजव्या पानावर ओळी, डावं पान कोरं. मजकूर उजव्या पानावर पेननं लिहायचा आणि आकृती डाव्या पानावर पेन्सिलीनं काढायची. ही रचना ज्यानं केली त्याचं कोपर उजवं होतं, हे छातीवर हात ठेवून सांगतो. उजव्या पानाची ओळ सुरू करताना डावखुऱ्याचा हात नेमका डाव्या पानावरच्या आकृतीवर टेकतो. तासभर ‘साहित्य, कृती, निरीक्षण’ लिहून हात उचलला की प्रिझममधून गेलेले प्रकाशकिरण सगळीकडं सारखेच पसरलेले दिसतात. मी आता स्वतः जर्नल तपासतो. पुसट राखाडी आकृती दिसली की पोराचं नाव न बघता कळतं, आणि मी एक मार्क जास्त देतो. हा पक्षपात आहे, मान्य आहे. इतर पन्नास जण उलटा पक्षपात करतात, त्यात माझा एक.

पण या सगळ्याच्या वर आहे ती खुर्ची. उजव्या दांडीला लिहायची फळी जोडलेली. शिकवण्या वाढल्या, लातूर पॅटर्न गाजला, नांदेडला गल्लोगल्ली क्लास निघाले, मुखेड-कंधार-अहमदपूर-निलंग्याची पोरं खोल्या करून राहू लागली, आणि त्या सगळ्यांच्या खाली ही खुर्ची आली. सोयीची आहे. कमी जागेत जास्त पोरं मावतात, झाडू मारताना एकात एक रचून ठेवता येतात. फक्त तिच्यावर डावखुरा बसवायचा म्हणजे त्याला पिळावा लागतो. तो आधी बूड डावीकडं सरकवतो, मग छाती उजवीकडं वळवतो, मग डावा हात पोटावरून आडवा नेऊन फळी गाठतो. फळीवर उजव्या माणसाचं अख्खं कोपर विसावतं. आमच्या वाट्याला येतं ते मनगट टेकेल एवढं टोक. कोपर लोंबकळतं. त्या लोंबकळणाऱ्या कोपराचं ओझं खांदा उचलतो, खांद्याचं मान, आणि मानेचं रात्री आईच्या हातचं तिळाचं तेल. तीन तासांचा पेपर सुटला की बाहेर उजवी पोरं बोटं मोडत येतात, डावखुरं पोर कंबर धरून येतं. अशा खुर्चीला कोपरापासून नमस्कार करावा म्हटलं तरी कोपर टेकवायला जागा नाही.

पिळलेल्या माणसाचं तोंड शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेकडं होतं, ही त्यातली खरी मेख. २०१० च्या सुमारास नांदेडला जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम काढली, ती पुढं राज्यभर गेली. फार चांगलं काम झालं, आधी खिडक्यांमधून चिठ्ठ्यांचा जो पाऊस पडायचा तो आटला. पण भरारी पथक दारात आलं की वर्गात सगळ्यांत आधी नजरेत भरतो तो डावखुरा. बाकी सगळे खाली मान घालून बसलेले, आणि हा उजवीकडं वळलेला, मान तिरकी, डोळे बारीक. पुरावा याहून काय पाहिजे? एका केंद्रावर मी पर्यवेक्षक होतो, तेव्हाचा संवाद कानांनी ऐकलाय.

“ए, काय बघायलास तिकडं?”

“काही नाही सर. लिहायलोय.”

“लिहायलास तर तोंड तिकडं कशाला?”

“सर, हात तिकडंय.”

साहेबांनी वाकून पाहिलं. हात खरंच तिकडं होता. मग त्यांनी पोराला उठवलं आणि अगदी पुढं, मास्तरच्या टेबलाशी एकटं बसवलं. संशयितांना तिथंच बसवतात. पोरगं टेबलावर दोन्ही कोपरं पसरून असं ऐसपैस लिहायला लागलं की शेवटच्या तासात त्यानं दोन पुरवण्या घेतल्या. बाहेर पडताना ते मला म्हणालं, “सर, उद्याबी येतील का ते साहेब?”

घरातली बाजू वेगळीच. तिथं प्रश्न लिहिण्याचा नसून ताटाचा आणि देवाचा असतो. प्रसाद उजव्या हातात घ्यायचा, पान उजव्या हातानं वाढायचं, दक्षिणा उजव्या हातानं द्यायची. चुकून डावा पुढं आला की आजी म्हणायची, “तो हात कशाचा हाय, ठावं नाही का तुला?” ठाऊक होतं. पण आजीच्या देवघरात जो गणपती होता तो डाव्या सोंडेचा होता. घरात डाव्या सोंडेचाच ठेवावा, उजव्या सोंडेचा कडक असतो, त्याचं सोवळं झेपत नाही, हे तिनंच मला सांगितलेलं. म्हणजे देव डावा चालतो, नातू चालत नाही. आणि गंमत अशी की विद्येची देवता तीच. हे मी आजीला बोलून दाखवलं तेव्हा तिनं थोडा विचार केला आणि मला एक मोदक जास्त दिला. उजव्या हातात.

नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये हा वादच ठेवलेला नाही. रोटी घ्यायला दोन्ही हात पुढं करायचे. कुठला हात कशाचा, हे विचारायला तिथं कुणाला सवडही नसते, कारण मागं पंगत थांबलेली असते. लहानपणी मला तिथली डाळ-रोटी का आवडायची याची बरीच कारणं आहेत, त्यातलं हे एक.

माझ्या आधीच्या पिढीत हात बदलायचं काम फार मन लावून झालं. आमचे एक काका उजव्या हातानं मोत्यासारखं लिहायचे. पण नारळ डाव्यानं फोडायचे, आंब्यावर दगड डाव्यानं मारायचे, आणि रागावले की कुठला हात येईल याचा आम्हा पोरांना नीट अंदाज होता. पोस्टकार्ड वाचून मूळ हात कळत नाही, गालावर बसली की कळतो. लिहिताना मात्र ते नेहमी कपाळाला आठी घालून बसायचे. ती आठी मजकुराची नव्हती, असं मला आता वाटतं.

दोन्ही हातांनी लिहिणारं मोठं माणूस म्हणजे गांधीजी. १९०९ साली इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना किल्डोनन कॅसल बोटीवर त्यांनी ‘हिंद स्वराज’ लिहून काढलं. उजवा हात दुखायला लागला की डाव्यानं लिहायचं, अशी चाळीसेक पानं डाव्या हातची आहेत. बोटीवर साधं टेबल असणार म्हणून जमलं. तिथं उजव्या फळीची खुर्ची असती तर स्वराज्य कंबरेपाशी अडलं असतं.

सरकारी कचेऱ्यांत डाव्या हाताचं एकच काम ठरलेलं आहे: अंगठा. लिहिता न येणाऱ्या पुरुषाचा डावा अंगठा घ्यायचा, बाईचा उजवा, ही जुनी रीत. खरेदीखतावर ‘निशाणी डावा अंगठा’ असं लिहिलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणजे निरक्षर राहिलो असतो तर माझ्या डाव्या हाताला दफ्तरात मानाची जागा होती. शिकलो आणि ती गेली. बँकेत पैसे भरायच्या चिठ्ठीपाशी पेन दोरीला बांधलेला असतो, तो टेबलाच्या उजव्या कडेला. दोरीची लांबी उजव्या हाताला पुरेल अशी मोजून ठेवलेली. डावखुऱ्यानं चिठ्ठी भरायची तर एक तर स्वतः दोरीच्या पलीकडं जायचं, नाहीतर चिठ्ठी टेबलाच्या काठावर आणून लोंबतं लिहायचं. अशी लोंबती केलेली सही खात्यातल्या सहीशी जुळत नाही. मग आत बोलावतात, तिथं खुर्ची देतात, टेबल देतात, आणि पुन्हा सही करायला सांगतात. ती जुळते. यंत्रणेचा विश्वास बसायला कोपर टेकलेलं लागतं.

एक दिवस मात्र न्याय होतो. मतदानाला जाऊन आलं की सगळ्यांच्या डाव्या तर्जनीवर शाई. १९६२ पासून ही शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून येते आणि काही केल्या निघत नाही. लोक ते बोट वर करून फोटो काढतात, एकमेकांना पाठवतात, हॉटेलवाला चहावर सूट देतो. डाव्या हाताला शाई लागली म्हणून मला लहानपणी जे मिळायचं, ती सूट नव्हती.

मास्तर झाल्यावर मात्र मला या हातानं एक सुख दिलं. उजव्या हाताचा मास्तर फळ्यावर लिहितो तेव्हा त्याचं अंग लिहिलेल्या मजकुरावर येतं. मागच्या बाकांवरून “सर, जरा बाजूला व्हा” अशी आरोळी पडतेच. डाव्या हाताचा मास्तर उभा राहतो तो कोऱ्या फळ्यापुढं. लिहिलेलं सगळं पोरांना उघडं, आणि तो मागं मागं, उजवीकडं सरकत जातो. माझ्या तासाला बाजूला व्हा म्हणायची वेळ कुणावर आली नाही. फळा संपला की एकदा टेबलावर जाऊन आदळायचो, ते सोडा. उभ्यानं लिहायचं असलं की कोपराला जागाच लागत नाही, हा शोध मला पन्नाशीत लागला. आता डिजिटल बोर्ड आलेत. त्यांच्यावर तळवा टेकला की भलतंच पान उघडतं, आणि माझा टेकतोच.

क्रिकेटच्या मैदानावर तर डावखुऱ्याचे लाड असतात. शाळेत ज्या हाताला छडी, त्याच हाताच्या कव्हर ड्राइव्हला टाळ्या. अजित वाडेकर डावखुरे फलंदाज, विनोद कांबळी डावखुरा. सचिन तेंडुलकरचं उलटं: बॅट उजव्या हाताची, सही डाव्या हाताची. गावच्या टेनिस बॉलच्या सामन्यातसुद्धा डावरा आला की कॅप्टन ओरडतो, “डावऱ्या आला रे, फिल्डिंग बदला!” आणि सगळेच्या सगळे, लुंगीवाला पंचसुद्धा, उन्हातून चालत पलीकडं जातात. माझ्या माहितीत एक डावखुरा आला म्हणून बाकीच्यांनी जागा बदलायची रीत एवढ्या एकाच ठिकाणी आहे. दोन चेंडूंत बाद झालो तरी ते चालत जाणं बघायला मला फार आवडायचं.

पण नांदेड-लातूरच्या पोराचं मैदान आता वेगळं. मे महिन्यातला रविवार, दुपारी दोन ते पाच, बाहेर बेचाळीस अंश, आत नीट. १८० प्रश्न, १८० मिनिटं, बरोबर आलं तर चार गुण आणि चुकलं तर एक वजा. अक्षराचा प्रश्नच नाही, नुसते गोल काळे करायचे. मला वाटलं होतं, चला, शिरोरेघ सुटली, आता डावखुऱ्याचं भलं होईल. मग एकदा रिकामी उत्तरपत्रिका समोर घेऊन बसलो. प्रश्नाचा क्रमांक डावीकडं आणि त्याच्या उजवीकडं चार गोल. डाव्या हातात पेन धरून गोलावर टेकवला की हाताखाली झाकला जातो तो नेमका प्रश्नाचा क्रमांक. म्हणजे सत्तेचाळीसावं उत्तर अठ्ठेचाळीसात जायची सोय. शिवाय प्रश्नपुस्तिका आणि उत्तरपत्रिका दोन्ही त्या फळीवर मावत नाहीत. उजवं पोर पुस्तिका डाव्या मांडीवर घेतं. डावखुऱ्यानं पुस्तिका कुठं घ्यावी? उजवीकडं फळी आहे, डावीकडं त्याचं स्वतःचं कोपर. आणि घाम. डाव्या तळव्याचा घाम ओळीमागून ओळ पुसत येतो. आमच्या एका विद्यार्थ्यानं तळव्याखाली रुमाल धरून सराव केला होता, आणि केंद्राच्या दारात तो रुमाल काढून घेतला.

म्हणून मी ठरवलं की एक तरी खुर्ची सरळ करायची. ओळखीच्या एका क्लासवाल्याच्या मागं लागलो. तो म्हणाला, “सर, एवढ्या पोरांत चार-दोघांसाठी वेगळी खुर्ची?” मी म्हटलं, रँक आली तर बॅनरवर फोटो त्या चार-दोघांतल्याचाच लावशील की. हा मुद्दा त्याला पटला. वेल्डिंगवाल्याकडं गेलो. त्यानं खुर्ची उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, “फळी डावीकडं लावायला काय लागतंय सर? तेवढेच नटबोल्ट, तेवढाच पाइप. पण आजवर मागितली कुणी?” तासाभरात दोन खुर्च्या तयार. मी बसून पाहिलं. डावं कोपर असं काही विसावलं की उठवेना. वेल्डिंगवाल्याला वाटलं मला घेरी आली, त्यानं पाणी आणलं.

पुढच्या आठवड्यात क्लासमध्ये डोकावलो. खुर्च्या मांडलेल्या होत्या, पहिल्या रांगेत, बरोबर पंख्याखाली. दोन्हींवर पोरं बसलेली. जवळ जाऊन पाहिलं तर दोघंही उजवे, अंग पिळून डाव्या फळीवर लिहीत होते.

“अरे बाबा, ही डाव्या हातवाल्यांची खुर्ची आहे.”

“माहितंय सर,” पहिला म्हणाला. “पण पंखा हिच्यावरच आहे ना.”

“मग ते डावखुरं पोरगं कुठाय?”

“मागं दारापाशी बसलंय, सर. त्याला म्हटलं बस इथं, तर त्याला सवय हाय म्हणला.”